दोन नार्वे आणि एक फेरीबोट

गोव्यात नार्वे नावाची दोन ठिकाणं आहेत. एक डिचोली तालुक्यात, दुसरं समोरच्या दिवाडी बेटावर. मधे मांडवीचं पात्र आणि काही मिनिटांची फेरीबोट. आमचं आडनाव नार्वेकर. त्यामुळे ‘कुठलं नार्वे?’ हा प्रश्न माझ्यासाठी फक्त भूगोलाचा नाही.

बाबा रिटायर झाल्यापासून वंशावळीच्या मागे आहेत. एक्सेल शीट मी करून दिलं. त्यात ‘मूळ गाव’ असा एक कॉलम होता आणि तो भरायला आम्ही पुण्याहून गाडी काढली. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, डिचोली. वाटेत बाबांनी ठरलेली गोष्ट पुन्हा सांगितली: पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, आपल्या लोकांनी देव वाचवून आणला, महाराजांनी देऊळ उभं केलं. गोष्ट खरी आहे. फक्त ती फार घाईत सांगितली जाते.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘सप्तकोटीश्वराकडून वर मिळालेला’ अशा अर्थाचं बिरुद असायचं. म्हणजे हे कुठलं आडबाजूचं देऊळ नव्हतं, राजसत्तेचा शिक्का होता, आणि ते होतं बेटावरच्या नार्व्यात. चौदाव्या शतकात बहमनींच्या काळात ते एकदा पडलं. मग विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं. १५१० मध्ये पोर्तुगीज आले आणि १५४० च्या सुमारास तिसवाडी, दिवाडी, चोडण या बेटांवरची देवळं पाडली गेली. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळलं. गंमत अशी की त्या जमिनी मोजून लिहून ठेवल्या त्याही पोर्तुगीजांनीच. कोणत्या गावात कोणतं देऊळ होतं हे आज कळतं त्यात देवळं पाडणाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांचा वाटा मोठा आहे.

लिंग नदीपलीकडे आणलं गेलं. इतक्या जवळ का? कारण नदी हीच सरहद्द होती. पलीकडे डिचोलीत आदिलशाही होती, पोर्तुगीजांचा हात तिथे पोचत नव्हता. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयें आणि मग माशेलला गेला, दिवाडीचा महागणपती फिरत फिरत खांडोळ्याला पोचला. शेदीडशे किलोमीटर लांब जायची गरज नव्हती, पाण्याची एक पट्टी पुरेशी होती. डिचोलीच्या नार्व्यातलं आजचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झालं ते शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली. दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडेच दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आम्ही अभिषेक केला. बाबा खूश होते. त्यांच्या मते कॉलम भरला होता.

मला पलीकडे जायचं होतं. फेरीवर चार स्कूटर, एक मासळीवाली, आमची गाडी. उतरल्यावर थोड्या अंतरावर कोटीतीर्थ आहे, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचं जुनं तळं. देऊळ नाही. पाणी हिरवं, शांत.

तिथे बसून माझ्या डोक्यात आडनावाचा हिशोब सुरू झाला. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. नार्व्यात सगळेच नार्व्याचे. ‘नार्वेकर’ हे नाव पडतं ते दुसऱ्या गावात, तिथल्या लोकांनी ‘हे कुठले?’ विचारल्यावर. म्हणजे आमचं आडनाव हा तिथे राहिल्याचा नाही, तिथून निघाल्याचा पुरावा आहे. आणि डिचोलीकडचं नार्वे? माझा कयास असा की देवाबरोबर नावही होडीत बसून आलं. तसं असेल तर दोन्ही गावं मिळून एकच आहे.

मग जे निघाले नाहीत त्यांचं काय? बाबांच्या गोष्टीत ते नसतातच. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, बेटावर मोठ्या संख्येने धर्मांतरं झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पोर्तुगीज आडनाव मिळायचं. पण गावकरी तीच राहिली, पुढे तिला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले, आणि गावकऱ्यांचा उत्पन्नातला वाटा, जोण, धर्म बदलूनही चालत राहिला. एका घरातला एक भाऊ होडीत बसला आणि एक शेत धरून राहिला, हे मला अगदी शक्य वाटतं. बाबांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, “उगाच काहीतरी जोडू नकोस.”

तळ्यापाशी एक म्हातारे काका सायकल टेकवून आमच्याकडे बघत होते. गळ्यात क्रूस.

“तुमी खंयचे?”

“आम्ही नार्वेकर,” बाबा म्हणाले.

“हांगाचे काय पलतडचे?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. “देव पलीकडे आहे आमचा.”

“देव हांगाचोच,” काका म्हणाले. त्यांचं घराणंही इथल्या गावकऱ्यांपैकी, पणज्याच्या आधीपासून जोण घेणारं. बाबा हळूहळू सैल झाले. भातशेती, खाजन, भरतीचं पाणी, मुलं परदेशात, असं बोलणं बराच वेळ चाललं. मी मधे पडलो नाही. निघताना बाबांनीच विचारलं, “बाटायच्या... म्हणजे, पोर्तुगीज यायच्या आधी तुमचं आडनाव काय होतं?”

“खबर ना,” काका हसले. “आनी तुमचें? नार्वेकर जांवचे आदीं?”

बाबांना सांगता आलं नाही.