भाड्याची पावती

आमच्या गिरगावातल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत मामंजींच्या नावाच्या भाडेपावत्या जपून ठेवल्या आहेत. १९८२ साली ते वारले. तेराव्यानंतर घरमालकाचा माणूस येऊन म्हणाला, "भाडेकरू गेले, आता खोली रिकामी करा." सासूबाईंनी पेटी उघडून पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या. कायदा त्यांच्या बाजूचा होता.

मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली आला. पुढे १९४७ चा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे ठरले. पावती देणे मालकावर बंधनकारक झाले. भाडेकरू वारला, तर त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळाला. भाडी गोठली, म्हणून दुरुस्त्या रखडल्या व पागडी बोकाळली, हेही खरेच. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. घरच्या माणसाचा हक्क मात्र राखला.

पुढच्या पावत्या सासूबाईंच्या नावाने आल्या. तेव्हा भगिनींनो, भाडे वेळेवर भरा, पावती मागून घ्या आणि दागिन्यांइतकीच जपा.