कादंबरी मिटल्यावर : मराठी वाचकाच्या अभिप्रायाचा इतिहास

कादंबरी वाचून संपली की तिच्याविषयी कुणाशी तरी बोलावेसे वाटते. मराठीत ही सवय कादंबरीइतकीच जुनी आहे, पण तिची नोंद फार थोडी राहिली. लेखकांची चरित्रे निघाली, प्रकाशनसंस्थांचे इतिहास लिहिले गेले. वाचकाचे म्हणणे मात्र खासगी पत्रांत, मासिकांच्या मागच्या पानांवर आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या समासांत विखुरलेले राहिले. तरीही मराठी कादंबरी कशी वाढली हे समजून घ्यायचे, तर या विखुरलेल्या बोलण्याचा माग काढण्यावाचून गत्यंतर नाही.

कादंबरी येण्याआधी मराठी घरांत गोष्ट यायची ती पोथीतून. चातुर्मासात एकाने ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचायचा आणि घरातल्यांनी, शेजारच्यांनी बसून ऐकायचा, अशी रीत होती. श्रवण करणाऱ्याला त्यातून काय मिळणार हे पोथीच सांगून टाकी. शेवटी फलश्रुती असे, आणि संतती, संपत्ती, पापनाश हे फळ आधीच ठरलेले असे. श्रोत्याने डोळ्यांना पदर लावला तरी ‘मला ही गोष्ट पटली नाही’ असे म्हणण्याची सोय त्या रचनेत नव्हती. छापील कादंबरीला फलश्रुती नव्हती. वाचून काय मिळाले हे वाचकाने स्वतः ठरवायचे होते, आणि हा बदल वरवर दिसतो त्याहून मोठा होता.

सुरुवातीच्या लेखकांनी मात्र ते काम वाचकावर सोडले नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ या तिच्या उत्तरशीर्षकातच हेतू सांगून टाकलेला आहे. पदमनजी धर्मांतरित ख्रिस्ती होते, आणि नायिकेचा प्रवास कुठे संपणार हे त्यांच्या दृष्टीने निश्चित होते. तरीही केशवपनाच्या आणि वैधव्याच्या हालांची जी चित्रे त्यांनी रेखाटली, ती त्यांच्या धर्ममताशी सहमत नसलेल्या वाचकालाही टाळता येण्यासारखी नव्हती. पुढच्या दोन दशकांत वाचकांची ओढ मात्र वेगळ्या दिशेला गेली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली. तिच्या पाठोपाठ रिसबूडांची ‘मंजुघोषा’ आणि त्या वळणाच्या अनेक अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. राजपुत्र, कपटी प्रधान, ताटातूट आणि शेवटी पुनर्भेट हा त्यांचा ठरलेला साचा होता. पुढच्या अभ्यासकांनी या पुस्तकांना फारसे गुण दिले नाहीत. मात्र धर्मशिकवण नसलेले पुस्तक निव्वळ उत्कंठेने शेवटपर्यंत वाचायची सवय मराठी माणसाला त्यांनीच लावली.

या नव्या वस्तूला नाव काय द्यावे, इथून प्रश्न होता. इंग्रजीवरून ‘नावल’ हा शब्द काही काळ चालला. गुजरातीत ‘नवलकथा’ रुळली, बंगाली आणि हिंदीत ‘उपन्यास’ आला. मराठीने बाणभट्टाच्या संस्कृत कथेचे नाव उचलले आणि एका ग्रंथाचे विशेषनाम साऱ्या प्रकाराचे सामान्यनाम झाले. कन्नडनेही तेच केले. बाणभट्टाची कादंबरी प्रेम, शाप आणि पुनर्जन्म यांची कथा आहे; अद्भुताच्या नादी लागलेल्या त्या काळच्या वाचकाला हे नाव जवळचे वाटले असेल तर नवल नाही.

वाचकाचे समाधान झाले की नाही, याविषयीचे पहिले महत्त्वाचे लेखन म्हणजे काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा १८७२ मधला ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’. मराठ्यांची तक्रार नेमकी होती. या पुस्तकांतली माणसे आणि प्रसंग आसपासच्या जगाला धरून नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वाचलेल्या कादंबऱ्यांनी तृप्त न झालेला एक सुशिक्षित वाचक कादंबरीकडून काय हवे ते मागू लागला होता, आणि मराठी टीकेच्या एका शाखेचा उगम या अतृप्तीत आहे. दोन वर्षांनी सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘वाचन’ हाच निबंधाचा विषय केला. पुढे १९०२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. दप्तरे धुंडाळणाऱ्या या संशोधकाने युरोपातल्या कादंबरीकारांचे आपले वाचन समोर ठेवून मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली आणि अद्भुतालाही त्याचा न्याय दिला. निबंध आज वाचताना आधी नजरेत भरतो तो त्यातला वाचक. विद्वान नंतर दिसतो.

दरम्यान कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली होती. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ अशीच प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे. पण वाचकाशी खरे नाते जोडले ते हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाने. ते १८९० मध्ये सुरू झाले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. हप्त्यांच्या कादंबरीत वाचकाचे मत गोष्ट संपण्याची वाट पाहत नाही. दोन अंकांमध्ये आठवडा असतो, आणि पुढे काय होईल, काय व्हायला हवे, याची चर्चा त्या आठवड्यात घराघरांत होते. त्यातून ही कादंबरी यमू या बालविवाहित मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. माहेर, सासर, माजघर, वैधव्य हे वाचणाऱ्याच्या घरातलेच होते. शीर्षक हा तर सरळ वाचकाला विचारलेला प्रश्न होता. फलश्रुती सांगण्याऐवजी लेखकाने वाचकाकडे उत्तर मागितले, आणि मराठी कादंबरी त्या दिवशी वयात आली असे म्हणायला हरकत नाही.

उत्तर देणाऱ्यांत बायका होत्या, ही त्या काळाची विशेष गोष्ट. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतील ही भीती तेव्हा उघड बोलली जाई. पतीच्या आग्रहाने आणि घरातल्यांचा रोष पत्करून वाचायला शिकलेल्या काशीबाई कानिटकर या हरिभाऊ आपट्यांच्या स्नेही होत्या आणि त्यांच्यात साहित्यावर पत्रव्यवहार चाले. वाचता वाचता काशीबाई स्वतः लेखिका झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले आणि पुढे ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. मराठी स्त्रीचे लेखन कादंबरीच्या वाचनातून कसे उगवले, याचे त्यांच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

पुस्तक विकत घेणे फार थोड्यांना परवडे. त्यामुळे वाचकाच्या अभिप्रायाचे खरे घर ग्रंथालय हे होते. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. या जुन्या संस्थांत इंग्रजी ग्रंथांचे वजन मोठे होते. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करायचा हा संकल्प १८९३ मध्ये ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने सोडला. त्यामागे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि फिरत्या पेट्यांतून खेड्यांपर्यंत पुस्तके पोहोचवली.

ग्रंथालयाच्या पुस्तकाला अनेक हात लागतात आणि प्रत्येक हात काही ना काही ठेवून जातो. परतीच्या तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी हाच एक अभिप्राय असतो. शिक्के दाटीवाटीने असले की पुस्तक मागणीचे आहे, हे नव्या सभासदाला न विचारता कळते. समासात पेन्सिलीने ‘सुंदर’, ‘खोटे’, ‘असे होत नाही’ असे शेरे असत, आणि एकाच्या शेऱ्याला दुसऱ्याने खाली दिलेले उत्तरही असे. ग्रंथपालांना हा उपद्रव वाटे आणि नियमांच्या पाटीवर त्याविरुद्ध सूचना असे. तरी सामान्य वाचकाचे मत जसेच्या तसे, कुणी न सुधारता, टिकलेली जागा म्हणून या समासांचे मोल फार आहे. जीर्ण प्रती मोडीत निघाल्या तेव्हा ते शेरेही गेले, ही मराठी वाङ्मयाची खरीखुरी हानी आहे.

ग्रंथालयातला वाचक टीकाकारांची वर्गवारी मानत नव्हता. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मागून तोच माणूस वामन मल्हार जोशींची ‘रागिणी’ नेई, आणि तिच्यातल्या तात्त्विक वादात नाही रमला तर परत रहस्याकडे वळे. १९३०च्या सुमारास ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद पेटला. व्यासपीठावर दोन तट पडले, पण घरी बहुतेकांच्या उशाशी दोघांचीही पुस्तके असत. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’ने (१९३१) कथानक, पात्ररचना, तंत्र हे शब्द लोकांपर्यंत नेले, आणि ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ याच्या पुढे जाऊन ‘का’ ते सांगण्याची भाषा वाचकाला मिळाली. याच काळात ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) ही कादंबरी आली. लिहिणारी बाई आहे की पुरुष, यावर तर्क लढवले गेले आणि वादळ उठले. स्त्रीच्या मनातले इतके उघड लिहिलेले वाचून लोक हादरले होते. टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. उलट विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ला (१९३९) तिचा वाचक भेटायला बराच काळ जावा लागला. काही पुस्तके आपल्या वाचकाच्या आधी जन्मतात.

समीक्षेने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांना वाचकांनी उदंड प्रतिसाद दिला. बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली, आणि झुंजार, काळा पहाड ही पात्रे घरातल्या माणसांसारखी ओळखीची झाली. रोज भाड्याने पुस्तके देणाऱ्या गल्लीबोळांतल्या वाचनालयांचा गल्ला अशा पुस्तकांवर चाले. नारायण धारपांच्या भयकथांचा अभिप्राय शब्दांत द्यावाच लागत नसे. रात्री दिवा न मालवता झोपणे हाच तो अभिप्राय होता. वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय अनेक मोठ्या लेखकांआधी अर्णाळकर-धारपांना द्यावे लागते, आणि ते मोकळ्या मनाने द्यायला हवे. विज्ञानकथेच्या बाबतीत घडलेला एक प्रसंग अभिप्रायाच्या इतिहासात मोलाचा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, ती आपल्या नावाकडे न पाहता जोखली जावी म्हणून. कथेला बक्षीस मिळाले. आपले लेखन अनोळखी वाचकाच्या नजरेने पारखून घेण्याची ही इच्छा एका नामवंत शास्त्रज्ञाला झाली, हे लक्षणीय आहे.

१९६०चे दशक वाचकांच्या दृष्टीने सर्वांत गजबजलेले. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. ‘स्वामी’ वाचलेल्यांना थेऊर हे अष्टविनायकांतले ठिकाण तेवढेच राहिले नाही. थोरल्या माधवरावांचा शेवट आणि रमाबाईंचे सती जाणे यांसाठीही ते गाव मनात राहिले. ‘मृत्युंजय’ने कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून एकच कथा सांगितली, आणि महाभारत पोथीतून ऐकलेल्या पिढीला आपल्या जुन्या निवाड्यांचा फेरविचार करावा लागला. याच दशकात, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि वाचकांत सरळ फूट पडली. नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, नापास होतो आणि परत जातो. कथानक शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हते. वसतिगृहांत राहणाऱ्या तरुणांना मात्र कुणीतरी आपलीच वही छापल्यासारखे वाटले. त्यांचा अभिप्राय त्यांच्या बोलण्यात उतरला. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द त्या कादंबरीच्या लकबीने कॉलेजांच्या कट्ट्यांवर ऐकू येऊ लागले. एखाद्या पुस्तकाला मिळालेली याहून खरी दाद मराठीत क्वचितच सापडेल.

वाचकाच्या बोलण्याला हक्काची जागा हवी, ही जाणीव याच सुमारास आली. १९६४ मध्ये मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ हे पुस्तकांनाच वाहिलेले मासिक काढले. १९७०च्या दशकाच्या मध्यात ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हटले. दुर्गा भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक श्री. व्यं. केतकरांच्या कादंबऱ्यांसाठी लिहिले. कलेच्या दृष्टीने ओबडधोबड म्हणून बाजूला पडलेल्या लेखनात एका तीक्ष्ण वाचकाला काय दिसते, याचा तो नमुना आहे. गोविंद तळवलकरांचे ‘वाचता वाचता’ आणि निरंजन घाटे यांचे ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ ही वाचनावरचीच पुस्तके. घाट्यांच्या पुस्तकात रहस्यकथेपासून विज्ञानापर्यंत सारे एका पंगतीला बसते, जसे ते ग्रंथालयाच्या जुन्या सभासदाच्या पिशवीत बसत असे.

लघुनियतकालिकांच्या चळवळीतले कवी सतीश काळसेकर यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या, पुस्तकांच्या दुकानांच्या आणि वाचणाऱ्या स्नेह्यांच्या नोंदी सदररूपाने लिहिल्या. त्यांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे पुस्तक झाले, आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.