भिडू गावी परतला

महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या शाळेत गणिताच्या मास्तरांनी चाचणीनंतर दहावीच्या पोराला विचारावं, "काय रे, कसा गेला पेपर?" आणि मागच्या बाकावरून उत्तर यावं, "सर, विषय हार्ड!" मास्तर समजुतीच्या सुरात म्हणणार, "अरे, सराव कर, सोपा वाटेल." वर्ग खिदळणार. कारण 'विषय हार्ड' म्हणजे गणित अवघड नव्हे. 'विषय हार्ड' म्हणजे आपलं काम एकदम जोरात, कुणी नाद करायचा नाही. पेपर झकास गेलेला असतो.

अशा वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी एक ठरलेला प्रश्न येतो, "हे कुठून शिकून आलास?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, पोराची मान खाली गेलेली हवी असते. पण या दोन तालुक्यांत हा प्रश्न खरोखर विचारला, तर उत्तर मोठं रंजक निघतं. इथल्या पोरांचे शब्द कुठल्या ना कुठल्या वाटेनं आलेले आहेत आणि बऱ्याचदा ती वाट दाखवता येते. 'विषय हार्ड' आणि 'नाद खुळा' घाटावरचे, सातारा-कोल्हापूरकडचे. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, महाडहून वरंध घाट चढला की भोर. 'झोल', 'कल्टी' हे मुंबईचे, महामार्गानं उतरलेले. आता मोबाइलमुळे सगळंच एका दमात येतं. पण वाटा त्याआधीच्या आहेत, आणि काही तर फार जुन्या.

भाषा ताळ्यावर आणण्याचा मराठीतला एक मोठा सरकारी प्रयत्नही याच मुलखात झाला. रायगड किल्ला महाड तालुक्यातच. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेल्या या कोशात सुमारे 1400 फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, पेशव्याचा प्रधान. हेतू मोठा होता आणि त्याचं मोल कुणी नाकारू नये. आजच्या मंत्रालयातले 'सचिव' त्याच परंपरेतले. पण बोलणाऱ्यांच्या जिभेनं आपल्याला हवं तेवढंच उचललं. पुढे बाजीरावाच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असं कोरलेलं राहिलं आणि लोकांच्या तोंडी मात्र पेशवाच राहिला.

कोश वरून खाली येत होता, तर बाजारातली भाषा आडोशाला वाढत होती. महाड हे सावित्री खाडीच्या टोकाचं व्यापारी गाव. घाटावरचा माल इथे उतरायचा आणि होड्यांतून बाणकोटच्या दिशेनं जायचा. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्या-दलालांची त्या काळी एक गुप्त बोली होती, नंदभाषा. तिच्यात दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू आणि सातास पवित्र म्हणत. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद केली, म्हणून ती आज वाचता येते. गंमत अशी, की पांढऱ्या पागोट्यातल्या पोक्त मंडळींनी सांकेतिक भाषा वापरली तर तो व्यवहार, आणि सातवीतल्या पोरींनी 'च ची भाषा' वापरली तर तो चावटपणा! शब्दाचं पहिलं व्यंजन उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. महाडचं होतं 'चहाडम', पोलादपूरचं 'चोलादपूरप'. बाई वर्गात आल्या तरी गुपित फुटत नाही.

मोठ्यांना पोरांची भाषा वर्षभर ऐकवत नसे, म्हणून त्यांनी पंचांगातच तिची सोय करून ठेवली होती. कोकणातल्या शिमग्यात होळीभोवती बोंब मारायची, फाका घालायच्या. एरवी ज्या शब्दासाठी थोबाडीत बसेल तो शब्द त्या रात्री गावासमोर, देवासमोर मोठ्यानं ओरडायची मुभा. समाजाला असभ्य बोलीची गरज कळत होती, आणि तिला वेळ-जागा नेमून देण्याचं शहाणपणही होतं. आताच्या शाळांच्या शिस्तीच्या नियमावलीत शिमग्याचं पान नसतं.

साहेबानं मात्र भाषा गोळा करायला घेतली. पण कशासाठी, हे पाहावं लागतं. 1836 साली इंग्रज अधिकारी स्लीमननं कलकत्त्यात 'रामसीआना' नावाचा ठगांच्या बोलीचा कोश छापला, तो ठग पकडण्यासाठी. हल्ली मुलाचा मोबाइल रात्री गुपचूप उघडून एकेका शब्दाचा अर्थ शोधणारे पालक नकळत स्लीमनच्याच गादीवर बसलेले असतात. ग्रिअर्सनची तऱ्हा वेगळी होती. त्याच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली आला आणि त्यात सावित्रीच्या मुखाजवळच्या बाणकोटी बोलीचीही नोंद झाली. नमुन्यासाठी सगळीकडे एकच गोष्ट सांगून घेतली जाई, बायबलातल्या उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, पैसा उडवतो आणि एक दिवस घरी परततो. ज्या पट्ट्यातली घरंच्या घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत, तिथली बोली टिपायला हीच गोष्ट यावी! फरक एवढाच, की इथला मुलगा उधळायला नव्हे, कमवायला गेला होता. आणि शिमग्या-गणपतीला परतताना पैशांबरोबर तो शब्दही आणत होता.

त्या शब्दांत गिरणी होती. 'खाडा' हा शब्द जुनाच, पण लालबाग-परळच्या मस्टरात तो पगार कापणारा झाला. 'बदली' म्हणजे नोकरीतली बदली नव्हे, तर गैरहजर कामगाराच्या जागी रोज दारात उभा राहणारा माणूस. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोकणातल्या कित्येक घरांचा तो मुंबईचा धागाच तुटला. शब्द मात्र बेकार झाले नाहीत. वर्ग बुडवण्याला आजोबांच्या पिढीनं खाडा म्हटलं, वडिलांच्या पिढीनं दांडी, आणि नातू आता 'बंक' मारतो.

या सगळ्यांत सर्वांत लांब फिरून आलेला शब्द भिडूचा. विटीदांडू, हुतूतू, लगोरी अशा खेळांत आपल्या बाजूचा गडी तो भिडू. डाव मांडण्याआधी भिडू वाटून घ्यायचे, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंगणाला ठाऊक. गावचे गडी मुंबईच्या चाळीत गेले तेव्हा हा शब्दही गेला. तिथे त्याचा खेळ सुटला आणि तो नुसता दोस्त झाला. मराठी सुटली आणि तो बंबईया हिंदीत शिरला. मग पडद्यावर गेला आणि जॅकी श्रॉफच्या तोंडी कायमचा बसला. आज महाडच्या नाक्यावरचा पोरगा मित्राला 'काय भिडू' म्हणतो तेव्हा तो सिनेमाची नक्कल करत असतो. हा आपल्या आजोबांचाच शब्द, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मे 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांनी आपलं नाव आणि ओळख यांच्या व्यापारी वापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा संरक्षणासाठी दिलेल्या नावांच्या यादीत 'भिडू'ही होता. लगोरी फोडणाऱ्या पोरांनी या प्रकरणात वकील दिला नाही, एवढंच.

राड्याची कथा उलटी. त्याचा जुना अर्थ चिखल, घाण. 'राडारोडा' या शब्दात तो अजून दिसतो. मुंबईत त्याची मारामारी झाली आणि पोरांकडे तो त्याच अर्थानं आला. 22 जुलै 2021 ला पुरात महाड बाजारपेठ बुडाली आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर घरादारांत, दुकानांत चिखल साचला होता. पुढचे कित्येक दिवस फावडं घेऊन जे उपसावं लागलं, ते या शब्दाच्या मूळ अर्थानं राडाच होतं.

'खोका' तर गुन्हेगारी जगातून निघून थेट विधानभवनात पोहोचला. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हा हिशेब एके काळी पोलिसांनाच ठाऊक असायचा. ऑगस्ट 2022 च्या अधिवेशनात पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही विरोधकांची घोषणा गाजली आणि शाळकरी पोरंही तो हिशेब शिकली. तेव्हा पोरांना भाषा बिघडवल्याबद्दल दटावताना मोठ्यांनी जरा बेतानंच घ्यावं.

पण सगळेच नवे शब्द गमतीचे नसतात. महाडचा इतिहास हे विसरू देत नाही. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तेव्हा परिषदेच्या आयोजनात पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे चोवीस वर्षांचे होते, महाडजवळच्या लाडवलीचे. डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनं निघून दासगावला उतरले. त्या चळवळीतल्या तरुणांनी जे टाकलं त्यात एक शब्दही होता, जोहार. वाकून घालायचा तो नमस्कार गेला. पुढे कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलेला 'जय भीम' आला, तो ताठ मानेनं म्हणायचा. गावातल्या ज्यांना त्या काळी ही उद्धट पोरांची भाषा वाटली, त्यांनाही अर्थ नेमका कळला होता. म्हणून तर राग आला.

न कळलेली भाषा ऐकून मोठी माणसं काय करतात, याचे दोन नमुने मराठी साहित्यात शेजारी-शेजारी आहेत. 1965 मध्ये भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली, मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली. सात वर्षांनी, 1972 मध्ये, तेवीस वर्षांच्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावनेसाठी तो चव्वेचाळीस वर्षांच्या विजय तेंडुलकरांकडे गेला. तेंडुलकरांना कित्येक शब्द कळेनात. त्यांनी ते शब्द लिहून काढले, ढसाळांकडून अर्थ समजून घेतले, आणि न कळल्याची ती कबुली प्रस्तावनेतच देऊन टाकली. अत्र्यांची भाषेवरची हुकमत कुणी नाकारणार नाही. पण पोरांबरोबर काम करणाऱ्याच्या कामाला येते ती तेंडुलकरांची यादी.

ती यादी करणं हा नुसता छंदही नव्हे. 2022 साली मुंबईतल्या विशेष न्यायालयानं रस्त्यात एका अल्पवयीन मुलीची छेड काढणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली. 'आयटम' या शब्दातून मुलीकडे वस्तू म्हणून पाहिलं जातं, असं न्यायालयानं नोंदवलं. हाच शब्द वर्गात ऐकून 'पोरं काहीतरी बडबडतात' म्हणून सोडून देणारे शिक्षक आपल्याकडे कमी नाहीत. सरसकट दटावणं आणि सरसकट दुर्लक्ष करणं या दोन्हींत एक चूक सारखीच आहे, शब्दाचा अर्थ विचारलेला नसतो. 2025 मधल्या 'ॲडोलसन्स' या ब्रिटिश मालिकेत खुनाचा तपास करणारा पोलिस अधिकारी मुलांच्या मोबाइलवरच्या चिन्हांचा चुकीचा अर्थ लावत बसतो. अखेर त्याचा स्वतःचाच मुलगा त्याला बाजूला घेऊन खरा अर्थ सांगतो. तो सीन पाहताना महाडच्या शिक्षकालाही परकं काही वाटू नये.

अर्थ विचारताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. पोरांचा शब्द शिकावा, वापरू नये. पन्नाशीच्या सरांनी फळ्यासमोर 'विषय हार्ड' म्हटलं की तो शब्द त्याच दिवशी मेला म्हणून समजावं. पोरं दुसरा शोधतात आणि सरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बोलीभाषेचा शब्द आजी सांभाळते. पोरांचा शब्द दोन पावसाळे काढतो आणि जातो. नंदभाषा कोशात गेली म्हणून उरली. महाड-पोलादपूरच्या शाळा-महाविद्यालयांत, वसतिगृहांत, एसटीच्या थांब्यांवर या वर्षी जे बोललं जातंय, ते कुणी लिहून ठेवलं नाही तर त्याचा मागमूस राहणार नाही. तेव्हा इथल्या शिक्षकांनी हजेरीपटाशेजारी एक शंभरपानी वही ठेवावी. नवा शब्द कानावर आला की बोलणाऱ्यालाच अर्थ विचारावा, पोराचं नाव लिहू नये. पण शब्दापुढे गाव, वर्ष, आणि तो कुठून आला, घाटावरून, मुंबईहून की मोबाइलवरून, एवढं न विसरता लिहावं.