कोरपना परिसराच्या आहारातील गोड पदार्थ : मोहफूल, गूळ आणि साखर

रोजच्या आहारातील साखर कमी करावी, हा उपदेश आज वैद्यकशास्त्राच्या आधाराने सर्वत्र केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेल्या मर्यादेनुसार, वरून घातलेली साखर तसेच मध व फळांचे रस यांतील साखर मिळून एकूण ऊर्जेच्या दशांशाहून कमी असावी. जमल्यास ती विसाव्या हिश्श्याच्याही आत ठेवावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम होते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र या उपदेशाच्या आधीचा प्रश्न उभा राहतो. जी वस्तू कमी करावयाची, ती वाढली केव्हा आणि कोणाच्या हाताने? चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना परिसरापुरता या प्रश्नाचा विचार केल्यास उत्तर पुणे-मुंबईकडील उत्तराहून बरेच निराळे मिळते.

कोरपना हा पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा भाग. वर्धा नदीच्या दक्षिणेकडील हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. माणिकगडाच्या डोंगररांगेत गोंड व कोलाम यांची वस्ती जुनी. ज्वारी हे मुख्य अन्न. ऊस येथल्या शेतीचे पीक कधीच नव्हते. काळ्या जमिनीत कापूस, आणि डोंगरउतारावर भरड धान्ये.

अशा प्रदेशात गोड चव प्रथम रानातून आली. मध, बोरे, टेंभरे, चार, सीताफळे ही सारी ऋतूची देणगी. पण साठवून ठेवता येईल असे गोड अन्न म्हणजे मोहफूल. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचावयाची, अंगणात वाळवावयाची आणि पावसाळ्यापर्यंत पुरवावयाची, हा घरातील बायकामुलांचा ठरलेला उद्योग होय. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. फूल भाजून खात, धान्याबरोबर शिजवीत, तिळाबरोबर कुटून लाडू वळीत. धान्याची कणगी रिकामी होण्याच्या दिवसांत मोहफूल पोटाला आधार देई. म्हणजे येथे गोड हा चवीचा अलंकार नव्हता. टंचाईच्या महिन्यांतील ते अन्न होते. त्या फुलाबरोबर थोडाफार चोथाही पोटात जाई, आणि वर्षाकाठी त्याला हंगामाची मर्यादा होती. रोज, बारा महिने, चमच्याने मोजून गोड खाणे या व्यवस्थेत शक्यच नव्हते.

सरकारी दप्तरात मात्र मोहफूल अन्न म्हणून क्वचितच दिसते. तेथे ते दारूचा कच्चा माल आहे. निजामी राज्याच्या उत्पन्नात आबकारीचे स्थान फार मोठे होते. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदाच झाला, आणि त्याच दृष्टीची छाया १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमावर पडलेली दिसते. महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील बंधने सैल केली ती २०२१ साली. आबकारीच्या कागदांवरून आदिवासींच्या व्यसनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की, त्याच फुलाचा जो भाग शिजवून खाल्ला गेला त्यावर कर नव्हता, म्हणून त्याची नोंदही नाही.

गुळाचे स्थान मधले. आठवडी बाजारातून आणलेली भेली सणाला, लग्नाला, बाळंतिणीला लागे. गुळाची बाजू घेऊन साखरेविरुद्ध उभे राहिलेले पहिले संघटित प्रयत्न मात्र कोरपन्यापासून फार दूर नव्हते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे केंद्र होते व जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल यांच्या पंक्तीला गिरणीच्या साखरेऐवजी गूळ, आणि त्यातही ताडगूळ, असा संघाचा आग्रह होता. या आग्रहाचे मर्म प्रामुख्याने आर्थिक होते. १९३२ च्या संरक्षक कायद्याने साखर कारखान्यांना आयातीविरुद्ध कवच मिळाले, आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या तीस-बत्तीसवरून सव्वाशेच्या पलीकडे गेली. खेड्यातील गुऱ्हाळ बुडणार, ही भीती खरी होती. गूळ अधिक पौष्टिक आहे हा मुद्दा त्याच्या जोडीला आला. त्यात तथ्य थोडे आहे: गुळात काही क्षार राहतात, पण त्याचा बहुतांश साखरच असल्याने मधुमेह्याला तो वर्ज्यच. गिरणीविरुद्धचा युक्तिवाद आरोग्याच्या युक्तिवादात मिसळला गेला, आणि ती सरमिसळ अद्यापि सुटलेली नाही. शिवाय मगनवाडीत हा वाद रंगला असता नदीपलीकडच्या गुड्यांत सोडून द्यावयाला साखर होतीच कोठे?

ती आली चहाबरोबर. १९३७ च्या सुमारास चहा प्रसार मंडळाने देशभर चहाचा जो प्रचार केला तो शहरांपासून खाली झिरपत गेला. गांधीजींचा चहाला असलेला विरोध त्याला अडवू शकला नाही. रानातल्या वस्तीत दुभते थोडे. दूध नसले तरी चहा चालतो. साखर नसली तर चालत नाही. पुढे १९६७ पासून आंशिक नियंत्रणाच्या धोरणाने कारखान्यांची लेव्ही साखर स्वस्त धान्य दुकानांतून गावोगाव पोहोचली. १९८० नंतर आवारपूर, गडचांदूर व पुढे उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. रोख मजुरी आली, पाळीची नोकरी आली, आणि नाक्यावरच्या टपरीत चहा-बिस्कीट हे दोन जेवणांमधले अन्न झाले. मोहफूल त्याच काळात मागे पडले. काही जंगल तुटल्यामुळे, काही ते गरिबीचे लक्षण ठरल्यामुळे.

या इतिहासाचे शेवटचे टोक विलक्षण आहे. केंद्र शासनाने कारखान्यांवरील लेव्ही २०१३ साली रद्द केली, आणि २०१७ मध्ये अनुदानित साखर केवळ अंत्योदय कुटुंबांपुरती राखली: दरमहा कुटुंबामागे एक किलो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशाने आदिम जमातींचा समावेश अंत्योदयात झाला होता, आणि कोलाम ही महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी एक. ज्यांच्या घरी साखर सर्वांत शेवटी पोहोचली त्यांच्याच घरी ती शासन अद्यापि स्वस्तात पोहोचविते. तथापि यावरून शासनावर सरळ दोषारोप करणे घाईचे होईल. पाच माणसांच्या कुटुंबात एक किलो साखर म्हणजे माणशी दिवसाला सात ग्रॅमहून कमी. २५ ग्रॅमच्या मर्यादेचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेली वाढ शिधापत्रिकेवर दिसत नाही. ती बिस्किटाच्या पुड्यात, थंड पेयाच्या बाटलीत आणि टपरीवरच्या तिसऱ्या-चौथ्या कपात आहे. तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, जशी शिजवून खाल्लेल्या मोहफुलाची कधी झाली नाही.