फिरत्या दांड्याची थरथर: निदानाचा इतिहास

इंजिनाची फिरकी चाकांकडे नेणाऱ्या ज्या सांध्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हणतात आणि ज्याच्या मधल्या चार टोकांच्या तुकड्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हटले जाते, तो मोटारीपेक्षा दोन शतकांहून अधिक जुना आहे. युरोपात त्याला जिरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञाचे नाव चिकटले असले, तरी त्याच्या गतीचा मर्मभेद इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने केला. कोनात जोडलेल्या दोन दांड्यांपैकी पहिला एकसारख्या गतीने फिरला, तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, हे ओळखून 1676 साली हूकने हा सांधा सूर्यघड्याळाच्या संदर्भात मांडला. तेथे तासांच्या रेषा मुळातच असमान अंतरांवर असल्याने ही असमान गती त्याला हवीच होती.

मोटारीत मात्र तोच गुण दोष ठरला. प्रारंभीच्या अनेक गाड्यांत मागची चाके साखळीने फिरवली जात. 1898 साली लुई रेनॉने आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, वापरला, आणि अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने 1903 साली सांध्याचे पेटंट मिळवून पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत त्याचे उत्पादन सुरू केले. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा बसवून, दोन्हींचे कोन समान ठेवले आणि शाफ्टवरील दोन्ही योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत आणले, तर पहिल्या सांध्याची चूक दुसरा फेडतो. दुरुस्तीनंतर योकांची ही रेषा चुकली किंवा गिअरबॉक्सखालचे रबर बसून कोन बदलला, की हा हिशेब मोडतो.

दोष संथ गाडीत लपून राहण्याचे कारण असे, की असंतुलित वस्तुमानाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. निदानाची खरी किल्ली त्यामुळे हाताला जाणवणाऱ्या जोरापेक्षा कंपनांच्या संख्येत आहे. टायरचा परीघ सुमारे 2 मीटर धरला, तर ताशी 100 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे 14 फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर 4 असल्यास शाफ्ट सुमारे 56 फेरे घेतो, आणि कोन बिघडलेला क्रॉस फेरीमागे दोन धक्के देत असल्याने सुमारे 112 कंपने उमटवतो. थरथर कुठलीही असो, आधी व्हील बॅलन्सिंग करण्याची रीत टायरच्या दोषांसाठी योग्यच आहे. परंतु सेकंदाला 56 कंपने चाकाला वजन लावून थांबणार नाहीत. वेग तोच ठेवून गिअर बदलला असता इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे आणि शाफ्टचे बदलत नाहीत. एवढ्या साध्या कसोटीने इंजिनावरचा संशय पुष्कळसा दूर होतो. वेगवेगळ्या कंपनसंख्येला थरथरणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे मापक आणि पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली, तरी त्यांनी याच अंकगणिताला अचूकता दिली.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी असल्याने मुंबईच्या कारागिरांचा हात क्रॉसवर बसला होता. 1983 साली आलेल्या मारुती 800 ने पुढच्या चाकांवर चालणारी रचना घरोघर पोहोचवली आणि लांब शाफ्ट गाडीतून गेला; पुढे 2002 साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर सलग वेगाचा प्रवास नेहमीचा झाला. पुढच्या चाकांच्या अनेक गाड्यांत अर्ध-दांड्याच्या आतल्या टोकाला तीन रोलरांचा सांधा असतो. तो झिजला की चाकाच्या एका फेरीत तीन धक्के देतो, म्हणजे वरच्याच वेगाला सेकंदाला सुमारे 42. हे धक्के अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढतात आणि पाय काढताच विरतात, त्यामुळे येथे वेगाच्या जोडीला भारही तपासावा लागतो.