दातांना कोणती चव द्यावी? सुश्रुतापासून स्ट्रॉबेरीपर्यंत

अकोल्याच्या टिळक रोडवरील एखाद्या औषधांच्या दुकानात लहान मुलांच्या टूथपेस्टचा कप्पा पाहिला, तर त्यावर दातांपेक्षा फळेच अधिक दिसतात. स्ट्रॉबेरी, आंबा, संत्रे. आणि फळ नसूनही फळांच्या रांगेत बसलेले बबलगम. तीन वर्षांच्या मुलासाठी यांतले काय घ्यावे, हा प्रश्न आजच्या बाजारपेठेने निर्माण केला असे वाटते. प्रत्यक्षात दात घासताना तोंडात कोणती चव असावी, हा विचार या देशात सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे, आणि गोड चवीची बाजू घेणारे तेव्हाही होते. हा धागा त्या चवीच्या इतिहासाचा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दातवणाचा विधी सांगितला आहे. काडीचे टोक ठेचून कुंचल्यासारखे करावे, दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. दंतवैद्य आजही यापेक्षा फारसे वेगळे सांगत नाहीत. काडीची चव कोणती असावी, हेही तेथेच येते: तुरट, तिखट किंवा कडू. सहा रसांपैकी हे तीनच. गोडाला जागा नाही.

सुश्रुतसंहितेने मात्र ती जागा दिली. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि बिनगाठीची काडी सांगितली आहे. पुढे चवीनुसार झाडांची निवड येते: कडूत निंब श्रेष्ठ, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मोह. ऋतू, दोष, रस आणि वीर्य पाहून यांतले एक निवडावे, असा निर्देश आहे. त्याच ठिकाणी दात घासण्यासाठी मध, त्रिकटू, तेल आणि सैंधव यांचा योगही दिलेला आहे. म्हणजे एका परंपरेत दातांवर मध चालत होता, तर दुसरीच्या यादीत गोड चव नव्हतीच.

या चारही वृक्षांचा मेळ वऱ्हाडात सहज बसतो. पूर्णेच्या काळ्या मैदानात निंब आणि करंज, तर उत्तरेस मेळघाटाच्या डोंगरउतारांवर खैर आणि मोह. अकोल्याच्या गावखेड्यांत दातवण म्हणजे निंबाची नाहीतर बाभळीची काडी, कारण तीच बांधावर हाताशी असे. मोहाची गोडी डोंगरात राहिली आणि मैदानातील पिढ्यांच्या वाट्याला कडू आणि तुरट आले. चवीची निवड ग्रंथाने कमी आणि बांधावरच्या झाडाने अधिक केली, असेच म्हणावे लागते.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग यानेही या काडीची नोंद केली आहे. लांबी आठ ते बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी, हे त्याचे माप सुश्रुताच्या मापाशी जुळते.

काडीखेरीज घरोघरी राखुंडी होती: गोवरीची राख, कोळशाची पूड, कोठे त्यात मीठ. मुलांसाठी निराळे काही नसे. मोठ्यांच्या बोटावर जे, तेच लहानांच्या बोटावर. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर चूळ भरण्याचे पाणीही खारट. पूर्णेच्या खोऱ्यातील भूजल क्षारयुक्त असल्यामुळे तेथील पिढ्यांची सकाळच मुळी खारट चवीने उजाडत आली.

या इतिहासाची काळी बाजू मिसरीची. तंबाखू तव्यावर भाजून, जाळून केलेली ही पूड महाराष्ट्रभर, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्यासाठी वापरली गेली. दात दुखतो म्हणून बोटभर मिसरी लावावी, तिने किंचित बधिरता यावी, बरे वाटावे आणि काही महिन्यांत सकाळी मिसरीवाचून चालेनासे व्हावे, असा तिचा क्रम. निकोटीन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून थेट रक्तात शिरते, त्यासाठी ती गिळावीही लागत नाही. आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवंडाला तीच डबी दिसत असे आणि तेच बोट. व्यसन दंतमंजनाच्या वेषात आले, म्हणून घराने त्याला कधी व्यसन म्हटले नाही. बाजारातील काही दंतमंजनांतही तंबाखू असे. अखेर १९९२ मध्ये केंद्र शासनाने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीला या बंदीचा उपयोग तो काय होणार!

आता थोडे दूर, अमेरिकेत. कोलगेट कंपनीने १८७३ मध्ये बरणीतून सुवासिक टूथपेस्ट विकण्यास आरंभ केला आणि १८९६ मध्ये ती दाबता येणाऱ्या नळीत भरली. पण दात घासणे ही सामान्यांची रोजची सवय व्हायला जाहिरातीचा हात लागला. पेप्सोडेंटची जाहिरात क्लॉड हॉपकिन्स या गृहस्थाकडे होती. दातांवरील चिकट थर जिभेने चाचपून पाहा, एवढेच त्याने लोकांना सांगितले. पेस्टमध्ये पुदिन्याचा अर्क होता. त्याने तोंडात गारवा आणि हलकी झिणझिण उरत असे. लोकांनी त्या झिणझिणीलाच स्वच्छता मानले. झिणझिण नाही, तर दात घासल्यासारखे वाटत नाही, ही भावना जगभर रुजली आणि आजही कायम आहे.

हा गारवा वस्तुतः भास आहे. पुदिन्यातील मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. तोंडाचे तापमान तसूभरही उतरत नाही. थंडीचा हा ग्राहक २००२ मध्ये ओळखला गेला, आणि उष्णता व स्पर्श जाणणाऱ्या ग्राहकांवरील संशोधनाला २०२१ चे नोबेल मिळाले, त्यात या कामाचाही समावेश होता. मात्र मोठ्यांना जो गारवा वाटतो, त्याला तीन-चार वर्षांची मराठी मुले एकाच शब्दात ओळखतात: ‘तिखट’. शास्त्रापुढे हा शब्द मुळीच चुकीचा नाही. मेंथॉलची मात्रा वाढली की ते झोंबण्याची जाणीव देणाऱ्या तंतूंनाही छेडते. शिवाय नवजात बाळही कडू चव नाकारते आणि गोड स्वीकारते. चरकाचे कडू-तिखट-तुरट आणि कोलगेटचा पुदिना, दोन्ही प्रौढांच्या जिभेसाठीच होते.

कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी १९३७ मध्ये स्थापन झाली. तिच्या जोडीला माकडछाप काळी पावडर होती, आणि १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळला सुरू केलेल्या विकोची वज्रदंतीही. वज्रदंती जुन्या दातवणाचीच वारसदार: बाभूळ, लवंग यांसारख्या वनस्पती आणि तोंड आवळणारी तुरट चव. ही वस्तू औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी कंपनीचा झगडा झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे लवंग तेलाचा प्रॉमिस आला, बाभळीच्या नावाचा बबूल आला, आणि १९७५ मध्ये क्लोजअपची पारदर्शक लाल जेल. या साऱ्यांत लहान मुलांसाठी काय होते? चव नव्हती, खेळणे होते. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे चिमुकले प्राणी निघत. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेल्या बिनाका गीतमालेने मोठ्यांना बांधले आणि हत्ती-जिराफांनी मुलांना. पेस्ट तिखटच राहिली, पण नवा प्राणी हवा म्हणून मूल जुनी नळी संपवू लागले. मुलाची जीभ बदलण्यापेक्षा त्याचे लक्ष वळवणे बरे, ही युक्ती आजच्या गोड चवीहून निरुपद्रवी होती.

निरुपद्रवी का, ते समजण्यासाठी फ्लोराइडची कथा आवश्यक आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला. तेथे जन्मलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते, पण हे दात किडत मात्र कमी. कारण पाण्यात असावे, असा तर्क त्याने केला. ते कारण फ्लोराइड आहे, हे सिद्ध व्हायला १९३१ उजाडले. थोडे फ्लोराइड दात राखते, अधिक झाले तर दात डागाळते आणि फारच झाले तर हाडे वाकवते. यातील शेवटचा टप्पा भारताने सर्वांच्या आधी पाहिलेल्यांपैकी एक: मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातील हाडांच्या विकृतीचे वर्णन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत १९५० च्या दशकात फ्लोराइडयुक्त क्रेस्ट बाजारात आली आणि टूथपेस्ट हे खऱ्या अर्थाने कीड रोखणारे औषध बनले. औषध मुलाच्या तोंडात टिकले पाहिजे, म्हणून पुदिन्याची जागा फळांच्या गोडीने घेतली. ही गोडी साखरेची नव्हे. सॉर्बिटॉल आणि १८७९ मध्ये सापडलेल्या सॅकरिनसारख्या पदार्थांची. त्यांनी दात किडत नाहीत. पण येथेच पेच पडला. तिखट वस्तू मूल आपोआप थुंकते, तर गोड वस्तू गिळते. सहा वर्षांखालील मुलाला नीट थुंकण्याचे कौशल्य पुरते आलेले नसते, आणि पहिल्या तीन-चार वर्षांतच हिरडीआड कायमच्या पुढच्या दातांचे कवच घडत असते. १९९७ पासून अमेरिकेत फ्लोराइडयुक्त पेस्टच्या नळीवर, सहा वर्षांखालील मुलांपासून ती दूर ठेवण्याची सूचना छापली जाते. स्ट्रॉबेरीचे चित्र आणि ही सूचना एकाच नळीवर नांदतात.

वऱ्हाडात हा पेच अधिक घट्ट होतो. जुन्या वऱ्हाडातीलच यवतमाळ जिल्ह्यात अनेक गावांच्या विंधनविहिरींत फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅमचे आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. हिशेब सोपा आहे. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट म्हणजे सुमारे एक ग्रॅम. ती मुलाने गिळली, तर मानकाच्या सीमेवरचे एक लिटर पाणी प्याल्याइतके फ्लोराइड पोटात गेले. विहिरीचे पाणी आधीच सीमेपलीकडचे असेल, तर ही भर त्यावर.

त्याच पेस्टचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका सुमारे ०.१ ग्रॅमचा असतो, म्हणजे फ्लोराइड एक दशांश मिलिग्रॅम. तो पूर्ण गिळला, तरी वरील लाटेच्या दहावा हिस्सा. म्हणून बालदंतवैद्यांच्या संघटना तीन वर्षांखाली तांदळाचा दाणा आणि तीन ते सहा वर्षे वाटाणा, असे माप सांगतात. मापातील पेस्ट स्ट्रॉबेरीची असो वा सौम्य पुदिन्याची, दातांना फरक पडत नाही. फरक नळी कोणाच्या हातात आहे, याने पडतो, कारण आवडीच्या चवीची पेस्ट मूल स्वतः घेऊ लागले की दाण्याची लाट होते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात पेस्ट फ्लोराइडची घ्यावी की बिनफ्लोराइडची, हे मात्र चवीवरून ठरत नाही. त्यासाठी विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल लागतो आणि दंतवैद्याचा सल्लाही.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार टूथपेस्टमधील फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा अधिक असू शकत नाही. ते किती आहे हा आकडा आणि वापराची अंतिम तारीख नळीवर तसेच खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. फळाचे चित्र समोर असते, आकडा बहुधा मागे, बारीक अक्षरांत. बाकी स्ट्रॉबेरी आता चिखलदऱ्यालाही पिकते. मोहाच्या चवीची पेस्ट मात्र अकोल्याच्या दुकानांत अजून आलेली नाही.