ध्वनिफितीचं कूळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्रेस्डेन हे जर्मनीतल्या सिगारेटच्या धंद्याचं मोठं ठाणं होतं. उंची सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टा असे. तो खऱ्या वर्खाचा करायचा तर कारखानदाराला महाग पडे. फ्रिट्झ फ्लॉयमर या अभियंत्याने ब्राँझची भुकटी कागदावर पक्की बसवण्याची रीत काढली आणि वर्खाचा खर्च वाचवला. मग त्याच्या मनात आलं, की ब्राँझच्या जागी लोखंडाची भुकटी बसवली तर? लांब कागदी पट्टीवर त्याने ती लाखेने चिकटवली आणि १९२८ साली तिचं पेटंट घेतलं. स्टुडिओच्या ध्वनिफितीचा जन्म हा असा, सिगारेटच्या कागदातून झालेला आहे.

चुंबकावर आवाज साठवण्याची कल्पना मात्र त्याची नव्हती. अमेरिकेतल्या ओबर्लिन स्मिथ यांनी ती १८८८ साली लिहून ठेवली होती. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर ती प्रत्यक्षात आणली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्यांच्या यंत्रासमोर बोलले. ते शब्द आजही ऐकता येतात. पण तार पीळ खायची. पुढे बीबीसीने पोलादी पट्टीची यंत्रं आणली. त्यांतली पट्टी सेकंदाला दीड मीटर या वेगाने धावायची आणि मध्येच तुटली तर जवळ उभ्या माणसाच्या अंगावर येण्याची भीती असे. जोडायची तर डाग द्यावा लागे. फ्लॉयमरची कागदी पट्टी कात्रीने कापता येई, डिंकाने चिकटवता येई. पुढच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची ठरली. पेटंट मात्र त्याच्याकडे टिकलं नाही. यातलं तत्त्व पोल्सेन यांचंच आहे असं ठरवून जर्मन न्यायालयाने १९३६ मध्ये ते रद्द केलं.

तोवर एईजी या कंपनीने यंत्राचं आणि लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफने फितीचं काम हाती घेतलं होतं. कागद गेला आणि सेल्युलोज अ‍ॅसिटेट आलं. एडुअर्ड श्युलर यांनी फितीवर आवाज उमटवणारं कड्याच्या आकाराचं हेड घडवलं. फीत न ओरबाडता त्यावरून सरकू लागली. ऑगस्ट १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांसमोर आला. त्या प्रदर्शनाला आग लागली आणि तिथली यंत्रं जळाली. पुढच्या वर्षी १९ नोव्हेंबरला सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक घेऊन लुडविग्सहाफेनला आले. बीएएसएफच्या सभागृहातली ती मैफल फितीवर घेतली गेली. ऐतिहासिक ध्वनिमुद्रण खरं, पण वाजवून पाहिलं तर बारीक सूर दबलेले आणि मागे सतत सळसळ. अशा फितीवर कोणी संगीत सोपवलं नसतं.

मॅग्नेटोफोनला खरा जन्म दिला तो वाल्टर वेबर यांनी, असं मला वाटतं. फितीवरच्या लोहकणांचा स्वभाव अवघड असतो. हलका आवाज आला तर ते जवळजवळ हलतच नाहीत आणि थोडा जोर वाढला की एकदम वळतात. त्यामुळे बारीक स्वर विकृत होतो. त्यावर जुना उपाय असा होता, की फितीला आधीच एक स्थिर चुंबकीय ओढ द्यायची. विकृती कमी व्हायची, पण सगळी फीत एका दिशेने चुंबकित झाल्यामुळे सळसळ वाढायची. वेबर जर्मन नभोवाणीच्या प्रयोगशाळेत हान्स योआखिम फॉन ब्राउनम्युल यांच्यासोबत काम करत होते. १९४० मध्ये सळसळ कमी करण्याच्या खटपटीत असताना त्यांच्या अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला. तो आपोआप उच्च कंप्रतेने थरथरू लागला आणि फितीवरचा आवाज अचानक स्वच्छ आला. दुसऱ्या कुणी बिघाड दुरुस्त करून पुढचं काम धरलं असतं. वेबर त्याचं कारण शोधत बसले.

कारण असं निघालं: कानाला ऐकू न येणारा तो झपाट्याचा कंप आवाजात मिसळला की लोहकण दोन्ही दिशांना हलत राहतात आणि आवाजाच्या नेमक्या मापाने स्थिरावतात. पिठाचा डबा हलवला की पीठ सारखं बसतं, तसंच हे. फितीवर कायमची ओढ उरत नाही, म्हणून सळसळही कमी होते. आता मंद आणि मोठ्या आवाजात ६० डेसिबलचं अंतर सांभाळता येऊ लागलं. १० जून १९४१ रोजी बर्लिनच्या एका मोठ्या चित्रपटगृहात हे जाहीरपणे ऐकवण्यात आलं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या दोघांनी असाच उपाय पोलादी तारेसाठी काढला होता आणि त्याचं पेटंट त्यांना १९२७ मध्ये मिळालं होतं. ते तसंच कागदात राहिलं. वेबर १९४४ साली वारले. आपल्या शोधातून उभा राहिलेला धंदा त्यांना दिसला नाही.

इथून एक आवडती दंतकथा सुरू होते: दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनीचं लष्करी गुपित सापडलं. दोनदा जाहीरपणे ऐकवलेली गोष्ट गुपित कशी म्हणावी? तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, इतकंच. अमेरिकन सैन्यातले अभियंते जॅक मलिन इंग्लंडमध्ये असताना रात्री जर्मन नभोवाणी लावत. पहाटे दोन-तीनला अख्खा वाद्यवृंद वाजतोय आणि रेकॉर्डची खरखर औषधालाही नाही, याचं त्यांना कोडं पडे. १९४५ मध्ये जर्मनीतल्या बाट नाउहाइमच्या नभोवाणी केंद्रात त्यांनी मॅग्नेटोफोन ऐकला. सुट्या भागांत दोन यंत्रं आणि ५० रिळं त्यांनी घरी पाठवली आणि मे १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अभियंत्यांपुढे ती वाजवून दाखवली.

अमेरिकेत या यंत्राला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते गायक बिंग क्रॉसबी. रेडिओवर दर आठवड्याला जिवंत कार्यक्रम करण्याचा त्याला कंटाळा आला होता आणि तबकड्यांवरून पुन्हा पुन्हा उतरवलेला आवाज श्रोत्यांना रुचत नव्हता. ऑक्टोबर १९४७ पासून त्याचा कार्यक्रम मलिन यांच्या त्याच जर्मन फितींवर मुद्रित होऊन जाऊ लागला. जोडून जोडून त्या फितींवर नुसते सांधे झाले होते. हा कात्रीचा खेळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकलेलं वाक्य काढता येई आणि एका खेपेतला चांगला भाग दुसऱ्या खेपेला जोडता येई. एका विनोदवीराचे चावट विनोद कापले, पण त्यांवर उसळलेलं हसू जपून ठेवलं आणि नंतर एका फिक्या विनोदामागे चिकटवलं. क्रॉसबीच्या पैशाच्या आधारावर अँपेक्स या छोट्या कंपनीने १९४८ मध्ये ‘मॉडेल २००’ बाजारात आणलं. गिटारवादक लेस पॉल यांनी क्रॉसबीने दिलेल्या अँपेक्सला एक जादा हेड बसवलं आणि आपल्याच गिटारीवर आपलीच गिटार चढवत नेली. १९५७ मध्ये अँपेक्सने त्यांना आठ ट्रॅकचं यंत्र बांधून दिलं. पुढचा मल्टिट्रॅक स्टुडिओ त्याच वाटेने आला.

आपल्या गाण्याला फितीने वेळ दिला, कात्रीपेक्षा हे देणं मोठं. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून गेलेलं केसरबाई केरकरांचं भैरवीतलं ‘जात कहाँ हो’ तेवढ्याच लांबीचं आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेने तेवढ्यात राग उभा केला हे तिचं सामर्थ्य, पण मैफलीतला तिचा विस्तार त्या तबकडीत मावणं शक्य नव्हतं. एलपी ही लांब वाजणारी तबकडी आणि टेप यांची जोडी जमल्यावर ती अट सुटली. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ यांनी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एलपीच्या दोन बाजूंना दोनच राग आहेत. पुढे उस्ताद अमीर खाँ यांच्या एलपीवरही तसंच झालं: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, आणि दोन्हीकडे विलंबित लयीला हवी तेवढी जागा.